झोप मोजणाऱ्यालाही सरकारी नोंदणी हवी

पिकाला युरिया टाकताना गोणीवरचा मजकूर वाचण्याची सवय आपल्यापैकी फार थोड्यांना असेल. गोणी कृभकोची असली तर तिच्यातला युरिया बहुधा हजीऱ्याचा असतो. सुरतेच्या पश्चिमेला, तापी नदी समुद्राला मिळते त्या टोकावर हे हजीरा. समुद्रातल्या ज्या वायुक्षेत्राला आपल्या वसईचेच जुने नाव ‘बसीन’ दिलेले आहे, तिथला वायू समुद्राखालच्या नळातून हजीऱ्याला किनाऱ्याला लागतो. तिथे तो शुद्ध होतो. कृभकोचा खतकारखाना १९८६ पासून याच भागात उत्पादन करीत आहे. पुढे पोलाद आले, बंदर आले, द्रवरूप वायूचे टर्मिनल आले. अमोनियाचा कारखाना किंवा पोलादाची भट्टी संध्याकाळी बंद करून सकाळी पेटवता येत नाही. त्यामुळे हजीऱ्याला रात्र अशी होतच नाही. तिन्ही पाळ्यांत माणसे जागी असतात. त्यांत खानदेशातून सुरतेला जाऊन स्थायिक झालेली पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत, आणि आपल्या पट्ट्यातली काही मुलेही आहेत.

आता या गोणीभोवती कायद्याचे किती कुंपण आहे ते पाहा. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे ती विकणाऱ्या दुकानदाराला अधिकारपत्र लागते. युरियात नत्र ४६ टक्के असल्याचे गोणीवर छापावे लागते. निरीक्षक येऊन नमुना काढू शकतो आणि तो प्रयोगशाळेत तपासला जातो. शेजारच्या दुकानातली फवारणीची बाटली कीटकनाशक कायदा, १९६८ खाली येते, तिलाही परवाना आहेच. घरात वायर ओढणाऱ्या वायरमनलाही परवाना लागतो.

पण ती गोणी भरणाऱ्या कामगाराला झोपेचा आजार जडला, आणि रात्रभर त्याच्या डोक्याला, छातीला तारा लावून त्याची झोप मोजायची वेळ आली, तर त्या तारा लावणाऱ्या माणसाची नोंद कुठल्या सरकारी वहीत आहे, हे कोणी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

हे पान लिहिणाऱ्या आमच्यापैकी एकाचा भाचा हजीऱ्याला एका कारखान्यात ऑपरेटर आहे. वय ४१, अंगाने भरलेला, मान आखूड. एक आठवडा सकाळपाळी, एक दुपारपाळी, एक रात्रपाळी असे त्याचे चक्र. घोरणे तर इतके की नाताळला घरी आला की मुले दुसऱ्या खोलीत अंथरूण नेत. आपल्याकडे घोरणाऱ्याला ‘काय गाढ झोप लागली आहे’ असे म्हणण्याची पद्धत आहे. आम्हीही तेच म्हणत होतो. त्याची बायको मात्र घाबरून गेली होती. ती म्हणाली, “मामा, घोरता घोरता यांचा श्वासच बंद होतो. मी मोजत बसते. हलवले की धाप लागल्यासारखे करतात आणि पुन्हा घोरायला लागतात.” त्यातच रात्रपाळी करून मोटारसायकलने घरी येताना एके सकाळी त्याला डुलकी लागली आणि गाडी रस्त्याच्या कडेच्या मातीत गेली. हजीऱ्याचा तो रस्ता म्हणजे अवजड ट्रकांचा रस्ता. नवापूर, धुळे, जळगाव, अकोला करीत नागपूरला जाणारा महामार्ग हजीऱ्यापासूनच निघतो. देवदयेने त्या दिवशी मागे ट्रक नव्हता.

डॉक्टरांनी झोपेची तपासणी करायला सांगितले. कुठल्या शहरात, कुठल्या केंद्रात, ते इथे सांगत नाही. रात्री दहाला त्याला झोपवले, सकाळी सहाला सोडले. चार दिवसांनी अहवाल आला: तासाला १३ अडथळे, आजार सौम्य, वजन कमी करावे. सगळ्यांना हायसे वाटले. तो मात्र म्हणाला, “मामा, मी त्या रात्री झोपलोच कुठे? आदल्या दिवसापर्यंत माझी रात्रपाळी होती. दोन वाजेपर्यंत मी छताकडे बघत होतो.”

या एका वाक्यात सगळे होते, पण ते आमच्या ध्यानात यायला दोन महिने लागले. ते समजण्यासाठी ही तपासणी कशी होते ते आधी पाहू.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा घसा इतका मिटतो की हवा आत जात नाही. छाती आणि पोट श्वास घेण्यासाठी धडपडतात, रक्तातला प्राणवायू उतरतो, शेवटी मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो आणि मोठ्या आवाजाने श्वास सुरू होतो. माणसाला हे सकाळी आठवत नाही. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ असा अडथळा आला की तो एक धरतात. श्वास पूर्ण थांबला नाही, पण बराच मंदावला आणि त्यापायी प्राणवायू घटला किंवा झोप मोडली, तर तोही मोजतात. झोपेच्या दर तासाला असे किती अडथळे आले, यावर आजाराची पायरी ठरते. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तीस किंवा त्यापुढे तीव्र.

हा आजार क्वचित कुणाला होतो असे समजू नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली. ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत १९.५ टक्के पुरुषांच्या झोपेतल्या श्वासात बिघाड आढळला, आणि ७.५ टक्क्यांना त्याबरोबर दिवसा झोप येण्याचाही त्रास होता. दुर्लक्ष केले तर रक्तदाब औषधाला दाद देत नाही, हृदयावर ताण येतो, सकाळी डोके जड होते, आणि गाडी चालवताना डोळा लागतो.

तपासणीत डोक्यावर ठरावीक मापाने जागा मोजून तारा चिकटवतात. या मेंदूच्या लहरींसाठी. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखाली, पायांवर, छातीवर वेगळ्या तारा. नाकाशी हवेचा प्रवाह टिपणारी नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला प्राणवायूचा चिमटा. बाहेरच्या खोलीत तंत्रज्ञ रात्रभर पडद्यावर रेघा पाहत बसतो. नळी नाकातून निसटली तर त्याने तेवढ्यात आत जाऊन ती बसवायची. तार सैल झाली तर पुन्हा चिकटवायची. सकाळी ही सगळी नोंद तीस-तीस सेकंदांच्या पानांनी वाचायची असते. आठ तासांची ९६० पाने होतात. प्रत्येक पानावर हा माणूस जागा होता, हलक्या झोपेत होता, गाढ झोपेत होता की स्वप्नाच्या झोपेत, हे ठरवायचे. अडथळे मोजायचे. मग डॉक्टरांनी ते तपासून निदान करायचे. निदान डॉक्टरांचे असले तरी त्याचा पाया तंत्रज्ञाच्या रात्रीवर उभा असतो. पाया वाकडा असेल तर वर कितीही मोठा डॉक्टर असला तरी काय करणार?

भाच्याच्या बाबतीत काय झाले ते दुसऱ्या डॉक्टरांनी मूळ नोंद मागवून पाहिली तेव्हा कळले. (ती मूळ नोंद मिळवायला दोन खेपा घालाव्या लागल्या, तेही सांगून ठेवतो.) डोक्याच्या एका बाजूच्या तारा नीट चिकटलेल्याच नव्हत्या. केसांना भरपूर खोबरेल होते, आणि तेल लावून येऊ नका असे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्या तारांवर मेंदूच्या लहरींऐवजी विजेच्या घरघरीची जाड रेघ उमटली होती. झोप कुठली आणि जाग कुठली हे ओळखण्याची खटपट न करता, यंत्र चालू होते ते आठही तास झोपेचे धरले गेले. अडथळे मोजले होते १०४. १०४ भागिले ८ म्हणजे १३. दुसऱ्या डॉक्टरांनी शाबूत राहिलेल्या तारा, डोळ्यांच्या आणि हनुवटीच्या रेघा पाहून हिशेब केला, तेव्हा प्रत्यक्ष झोप निघाली सव्वातीन तास. १०४ भागिले सव्वातीन म्हणजे ३२. सौम्य आजार भागाकाराच्या एका चुकीने तीव्र होऊन बसला. म्हणजे तो तीव्र होताच, अहवालाने त्याला सौम्य केले होते. आणि या दोन महिन्यांत भाचा रोज त्याच रस्त्याने मोटारसायकलवर ये-जा करीत होता.

दुसरी तपासणी एका तंत्रज्ञ बाईंनी केली. त्यांनी आधी विचारले ते ड्यूटीचे वेळापत्रक. रात्रपाळीच्या आठवड्यानंतर लगेच येऊ नका म्हणाल्या, कारण शरीराचे घड्याळ उलटे झालेल्या माणसाला रात्री दहाला झोपवून काही हाती लागत नाही. डोके धुऊन, तेल न लावता बोलावले. दिवा मालवण्यापूर्वी डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवायला, दात दाबायला, श्वास धरायला आणि पावले हलवायला लावली, आणि प्रत्येक वेळी रेघ बरोबर हलते की नाही ते पडद्यावर पाहिले. आम्हाला तेव्हा हे सोपस्कार वाटले. आता कळते की वजन करण्यापूर्वी तराजूचा काटा शून्यावर आहे की नाही पाहावे, तसे ते होते. पहिल्या केंद्रात यातले काहीही झाले नव्हते. तिथला मुलगा एकाच रात्री चार रुग्ण सांभाळत होता. खरे तर एका तंत्रज्ञाकडे दोनच रुग्ण असावेत असा जगभरचा संकेत आहे. काम तो यंत्र विकायला आलेल्या माणसाकडून दोन दिवसांत शिकला होता. त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. त्याला कोणी शिकवले नाही आणि ‘तुझे शिक्षण दाखव’ असेही कोणी म्हटले नाही.

चूक उलट्या दिशेनेही होऊ शकते, हे विसरू नये. तपासणी करणारा आणि यंत्र विकणारा एकच असेल तर अडथळे जास्त मोजण्याचा मोह होणारच. मग गरज नसलेल्या शेतकऱ्याच्या गळ्यात हजारो रुपयांचे यंत्र पडते.

आपल्या देशात डॉक्टरांची नोंदणी फार जुनी. परिचारिकांसाठी १९४७ चा कायदा आहे आणि औषध देणाऱ्यांसाठी १९४८ चा. पण क्ष-किरण काढणारे, रक्त तपासणारे, डायलिसिस चालवणारे, झोप मोजणारे अशा लाखो लोकांसाठी देशपातळीवर एकच असा कायदा नव्हता. तो २०२१ च्या मार्चमध्ये संसदेने मंजूर केला: राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा. त्याच्या परिशिष्टात मेंदूच्या व स्नायूंच्या लहरी नोंदवणाऱ्या तंत्रज्ञांच्या ओळीतच झोपेच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचे नाव आहे. अशा व्यवसायासाठी निदान दोन हजार तासांचे, दोन ते चार वर्षांत पसरलेले शिक्षण असावे असे त्यात म्हटले आहे. प्रत्येक राज्याने परिषद नेमावी, नोंदवही ठेवावी, आणि वहीत नाव नसलेल्याने हे काम करू नये, अशी रचना आहे. आधीपासून काम करीत असलेल्यांना नोंदणी मिळवण्याची वाटही त्यात ठेवली आहे.

कागदावर हे चांगले आहे. पण आरोग्य हा विषय राज्यांच्या हातचा, आणि राज्ये सुस्त. तंत्रज्ञांच्या एका संघटनेला शेवटी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. १२ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायालयाने केंद्राला आणि राज्यांना दोन महिन्यांत कायद्याची अंमलबजावणी करायला सांगितले. तोवर जेमतेम १४ राज्यांनी परिषदा नेमल्या होत्या, आणि त्याही कामाला लागलेल्या नव्हत्या. कायदा होऊन साडेतीन वर्षे होत आली होती! पाटाचे पाणी मंजूर झाले तरी चारी खणल्याशिवाय शेतात येत नाही, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

अमेरिकेतल्या निद्रातंत्रज्ञांनाही हा परवाना आपोआप मिळालेला नाही. तिथे असे परवाने प्रत्येक राज्य आपापले देते. रुग्णाच्या नाकावर दाबाची हवा देणारा मुखवटा बसवणे, प्राणवायू देणे हे आमचे काम आहे, असे श्वसनोपचार करणाऱ्यांच्या मंडळांचे म्हणणे पडले. झोपेचे तंत्रज्ञ हे काम वर्षानुवर्षे करीत होते, पण कायद्यात त्यांचे नावच नव्हते. तेव्हा ते संघटित होऊन विधिमंडळांपुढे गेले. कॅलिफोर्नियात २००९ मध्ये त्यांच्या नोंदणीचा कायदा झाला. आजही तिथल्या सर्व राज्यांत असा कायदा नाही. आपल्याकडे श्वसन-तंत्रज्ञ आणि निद्रातंत्रज्ञ एकाच कायद्यात, वेगवेगळ्या ओळींत आधीच बसवलेले आहेत. म्हणजे निम्मे भांडण सुरू होण्यापूर्वीच मिटले म्हणायचे. उरले ते वही उघडण्याचे काम.

या मागणीला विरोध करणारे काय म्हणतील? पहिली गोष्ट, खर्च वाढेल. थोडा वाढेलही. पण चुकीची तपासणी करून पुन्हा तपासणी करावी लागली, तिचा खर्च आमच्या भाच्याने भरलाच. दुसरी गोष्ट अधिक खरी आहे. पदवी नसलेले पण दहा-पंधरा वर्षे मन लावून काम केलेले कितीतरी तंत्रज्ञ आहेत. ती दुसरी तपासणी करणाऱ्या बाई त्यांपैकीच. मेंदूच्या लहरींची नोंद घ्यायला त्या एका मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकल्या. नोंदणीच्या नावाखाली अशांना बाहेर काढले तर लहान शहरांत तपासणीच बंद पडेल. त्यांची परीक्षा घ्यावी, उणे असेल ते शिकवावे, मुदत द्यावी. पण परीक्षा घेऊच नये, असे मात्र आम्हाला वाटत नाही. काही व्यावसायिक संघटना स्वतःहून परीक्षा घेतात ही चांगली गोष्ट आहे. तरी संघटनेचे प्रमाणपत्र घ्यायचे की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर असते, आणि चूक झाली तर रुग्णाने दाद मागावी असे ते ठिकाण नव्हे.

धर्मग्रामातून आपण काय करू शकतो? गावाच्या ग्रामसभेत, किंवा गाव महापालिकेत गेले असेल तर नगरसेवकांमार्फत, मागणी पुढे पाठवता येते. आमदारांना आणि राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याला पत्रे लिहिता येतात. हजीऱ्याला, सुरतेला असलेल्या आपल्या माणसांनी तेच पत्र गुजरात सरकारला लिहावे, कारण त्यांची तपासणी तिथे होणार. पत्रात फार लिहू नये. निद्रातंत्रज्ञांची राज्य नोंदवही कोणालाही पाहता येईल अशी असावी. झोपेच्या प्रत्येक अहवालावर रात्रभर बसलेल्या तंत्रज्ञाचे नाव आणि नोंदणी क्रमांक छापावा. जुन्या तंत्रज्ञांसाठी शिक्षणाची सोय सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत करावी. एवढे पुरे. खताच्या गोणीवर नत्राचा आकडा छापणे सक्तीचे होऊ शकते, तर हेही होईल.

हे फक्त कारखान्यातल्या कामगारांचे आहे असेही समजू नका. पहाटेच्या पहिल्या गाडीने फुले, भाजी दादरला नेणाऱ्या आपल्या बाया-बापड्यांची रात्र दोन वाजता संपते. देशावरच्या शेतकऱ्याने तर विहिरीचा पंप चालवायला रात्रीच्या विजेची वाट पाहत वर्षानुवर्षे रात्री काढल्या आहेत. झोप कमी मिळाल्याचा थकवा वेगळा आणि श्वास अडण्याचा आजार वेगळा. जो रोज सात तास झोपूनही दिवसा पेंगतो, ज्याचा श्वास झोपेत थांबलेला घरच्यांनी पाहिला आहे, त्याने ‘कामाचा शीण’ म्हणून विषय सोडून देऊ नये.

वही उघडेपर्यंत तपासणीला जाणाऱ्याने स्वतःच काही गोष्टी पाहाव्यात. रात्रभर कोण बसणार आणि त्याचे शिक्षण काय, हे केंद्रात आधीच विचारावे. विचारल्याचा राग आला तर दुसरीकडे जावे. पाळीत काम करणाऱ्याने गेल्या दोन आठवड्यांचे ड्यूटीचे वेळापत्रक बरोबर न्यावे, आणि नेहमीच्या झोपेच्या वेळेला जुळेल अशी तपासणीची वेळ मागावी. डोके धुऊन जावे, तेल लावू नये. त्या दिवशी दुपारनंतर चहा घेऊ नये. चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. झोपण्यापूर्वी डोळे फिरवायला, श्वास धरायला सांगितले नाही तर का नाही, ते विचारावे. सकाळी आपल्याला किती झोप लागली असे वाटते ते कागदावर लिहून ठेवावे, आणि अहवालात ‘एकूण झोप’ किती दाखवली आहे त्याच्याशी ताडून पाहावे. घरी नेण्याच्या लहान यंत्रात बहुधा मेंदूच्या तारा नसतात. त्यात भागाकार नोंदीच्या तासांनी होतो, म्हणून आकडा कमी दिसू शकतो. तो कमी आला आणि त्रास मात्र चालूच राहिला, तर पूर्ण तपासणी करून घ्यावी.

भाच्याला आता दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र मिळाले आहे. ही युक्ती सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. हवेच्या हलक्या दाबाने घसा उघडा राहतो, एवढेच तिचे तत्त्व. किती दाब लागतो तेही त्याच बाईंनी रात्रभर बसून, चार सेंटिमीटरपासून हळूहळू चढवत शोधून काढले. पहिल्या आठवड्यात त्याने मुखवटा दोनदा काढून फेकला. आता रात्रपाळी असली की तो दिवसा खोलीला जाड पडदे लावून यंत्र घालून झोपतो, आणि ती पाळी असेपर्यंत मोटारसायकल घरी ठेवून कंपनीच्या बसने जातो.